‘माय दाय’ म्हणणाऱ्या पीला

प्रिय पी,

हे पत्र मराठीत लिहितोय, त्यामुळे तुम्हाला ते फोनमधल्या भाषांतरावरच वाचावं लागेल. ते कुठेतरी माती खाणारच, तर सांभाळून घ्या. मराठीत लिहायचं कारण एवढंच, की आमच्याकडची मुलं अजूनही बँकॉकला नोकरीसाठी निघतात आणि मला जे सांगितलं गेलं होतं तेच त्यांनाही सांगितलं जातं : ‘आधी जाऊन पोच, कागद मागाहून होतात.’ तुमचं नाव मी लिहीत नाही. विनाकारण कुठल्या कागदावर आपलं नाव आलेलं तुम्हाला खपत नाही. थाईत वयाने मोठ्या माणसाला ‘पी’ म्हणतात, मग ती ताई असो की दादा. माझ्यापुरती ताई. तेवढं पुरे.

जुलै २०१७. बँकॉकच्या लात क्राबांग भागातल्या त्या छोट्या कारखान्यातला माझा पहिला दिवस. दोन नंबरच्या मोल्डिंग मशीनवर साचा अडकत होता. मी साच्यांचा माणूस, हात शिवशिवायला लागले. खिशातला व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, काढून वाकलो, तेवढ्यात तुम्ही ऑफिसातून आलात. काळा शर्ट, काळी पॅंट. राजे भूमिबल यांना जाऊन वर्ष व्हायचं होतं, निम्मं शहर काळ्या कपड्यांत होतं. तुम्ही माझ्या हातातून व्हर्निअर काढून घेतलात आणि म्हणालात, ‘माय दाय.’

म्हणजे ‘चालणार नाही’. हे मला नंतर कळलं. तेव्हा मराठी कानाला ऐकू आलं ते ‘माय’ आणि ‘दाई’, आणि समोर उभ्या असलेल्या बाईच्या चेहऱ्यावर त्या दोघींपैकी कुणीच दिसत नव्हतं.

मग तुम्ही पासपोर्ट मागितलात. त्यावर शिक्का होता व्हिसा ऑन अरायव्हलचा, पंधरा दिवसांचा. म्हणजे मी पर्यटक. माझ्या एजंटाने साठ हजार रुपये घेऊन छातीठोकपणे सांगितलं होतं, की आत शिरलं की व्हिसा कामाच्या व्हिसात बदलून मिळतो. तुम्ही गोदामातल्या इंग्रजी येणाऱ्या मुलाला बोलावून त्याच्याकडून मला समजावलंत : आधीच काढलेला साठ दिवसांचा पर्यटक व्हिसा असता तर इथल्या इथे काही मार्ग निघाला असता, या शिक्क्यावर नाही. परत जा. मालकांनी हसतहसत सांगून पाहिलं, की दोन दिवस नुसतं बघू दे त्याला, बघायला काय परवाना लागतो का? तुम्ही मालकांकडे वळून तेच दोन शब्द म्हणालात, आवाज तसूभरही न चढवता. चारचौघांत वरिष्ठाचा शब्द खाली पडू न देणाऱ्या तुमच्या लोकांत हे केवढं मोठं होतं, ते समजायला मला वर्ष लागलं.

त्या दिवशी मी एकच समजलो, की बाई दंडाला घाबरली. २३ जूनलाच नवा वटहुकूम लागू झाला होता. परवान्याशिवाय परदेशी माणूस कामावर ठेवला तर मालकाला माणशी चार ते आठ लाख बात दंड. म्यानमार आणि कंबोडियाच्या हद्दीकडे परतणाऱ्या मजुरांचे लोंढे लागले, आणि सरकारने दंडाची कलमं वर्षअखेरपर्यंत पुढे ढकलली. ती ढकलल्याचं कात्रण तुमच्या टेबलावरच्या काचेखाली होतं, हे मी नंतर पाहिलं. म्हणजे घाबरायचं कारण तुम्हाला तेव्हा उरलं नव्हतं. तरीही नाही म्हणजे नाही.

मी मुंबईला परतलो आणि दोन महिने घरी बसलो. नोकरीला म्हणून गेलेला मुलगा आठवड्यात परत येतो, तेव्हा शेजारीपाजारी काय विचारतात ते तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही. मी तुमच्या नावाने रोज बोटं मोडली. त्या दोन महिन्यांत तुम्ही काय करत होतात, ते मला तुमच्याकडून कधीच कळलं नाही. कळलं ते मालकांच्या तोंडून, आणि तेही तक्रारीच्या सुरात.

हिशेब असा होता. एका परदेशी माणसाच्या परवान्यासाठी कंपनीचं भांडवल वीस लाख बात लागतं. या नियमात मोजले जाणारे दोघे परदेशी कंपनीत आधीच होते आणि कागदावरचं भांडवल होतं चाळीस लाख. तिसऱ्याला, म्हणजे मला, त्यात जागाच नव्हती. एजंटाला याचा पत्ता नव्हता, मालकांना असून नसल्यासारखा होता. तुम्ही त्यांच्या मागे लागून भांडवल साठ लाख करून घेतलंत, त्याची नोंद केलीत आणि मग रोजगार विभागाकडे डब्ल्यूपी-३ चा अर्ज टाकलात. हा अर्ज तेव्हा माणूस देशाबाहेर असताना कंपनीने करायचा असे. त्याची मंजुरी आली की ती दाखवून बाहेरच्या थाई दूतावासातून नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे कामासाठी येणाऱ्याचा व्हिसा मिळायचा. ‘आधी कागद, मग विमान’ असा साधा सरळ क्रम. मुंबईच्या थाई वाणिज्य दूतावासातून मला तो व्हिसा मिळाला. मुक्काम नव्वद दिवसांचा.

सप्टेंबरात परत आलो आणि तडक मशीनकडे निघालो. पुन्हा माय दाय! व्हिसा म्हणजे देशात राहण्याची मुभा. कामाची मुभा वेगळी, आणि ती हातात पडेपर्यंत पाना उचलायचा नाही. मी तुमच्या कॅन्टीनमध्ये बसून राहिलो. तुम्ही जेवणाच्या सुट्टीत येऊन मला थाई अक्षरं शिकवलीत. तीही आमच्यासारखीच क-ख पासून सुरू होतात, याचा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता.

मग कागद. पासपोर्टच्या प्रतीच्या प्रत्येक पानावर निळ्या शाईने सही हवी; काळी सही झेरॉक्ससारखी दिसते म्हणून नको. सहीच्या वर थाईत लिहायचं ‘प्रत बरोबर आहे’. त्याचा उच्चार साधारण ‘सम्नाव थूक तोंग’. पी, तुम्ही हे मला दहा वेळा म्हणायला लावलंत आणि दहाही वेळा मला हसू आवरेना. का, ते तेव्हा सांगितलं नाही, आता सांगतो. मराठीत ‘थूक’ म्हणजे तुम्ही रस्त्यावर टाकू देत नाही ती गोष्ट, आणि ‘तोंग’च्या अगदी जवळचा शब्द म्हणजे ती जिथून निघते ती जागा.

वैद्यकीय दाखला घ्यायला तुम्ही सोबत आलात. माणसाला महारोग नाही, क्षय नाही, हत्तीरोग नाही, अमली पदार्थांचं व्यसन नाही, दारूचं जुनाट व्यसन नाही आणि तिसऱ्या टप्प्यातला उपदंश नाही, असं डॉक्टरने लिहून द्यायचं असतं. यादीतला शेवटचा रोग तुम्ही मला खुणांनी समजावून सांगायचा प्रयत्न सुरू केलात आणि मग अर्ध्यातच सोडून दिलात, त्याबद्दल वेगळे आभार.

खरा घोळ झाला तो नावाचा. रोजगार विभाग दिनदेंगमधल्या ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव ‘मित मायत्री’, म्हणजे आमचे मित्र आणि मैत्री. मी पाटी वाचून खूश. काउंटरवरच्या बाईंनी मात्र माझी पदवी आणि पासपोर्ट शेजारीशेजारी ठेवले आणि कपाळाला आठ्या घातल्या. पासपोर्टवर आधी माझं नाव, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. पदवीवर सुरुवातच आडनावाने, मग मी, मग वडील आणि त्याच्याही पुढे आई. आम्हाला यात काही वावगं वाटत नाही. आमच्याकडे शाळेच्या हजेरीपासून माणूस असाच आडनावाकडून ओळखला जातो. पण त्या बाईंचा प्रश्न रास्त होता : या चौघांपैकी काम कोण करणार आहे?

मी वाद घालायला तोंड उघडलं. तुम्ही माझ्या पायावर हलकेच पाय ठेवलात, त्यांना नमस्कार केलात, कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात परत भरलेत, आणि भर पावसात आपण सुखुमवित रस्त्याच्या तेवीस नंबरच्या सोईमध्ये, म्हणजे गल्लीत, भारतीय दूतावासात गेलो. ही दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं पत्र काढायला. ते हातात पडेपर्यंत माझे दोन हेलपाटे झाले, दोन्ही वेळा तुम्ही बरोबर. तुमची त्या दिवसांची रजा पगारी होती की बिनपगारी, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कामाच्या परवान्याचं निळं पुस्तक मिळालं. एका वर्षाचं सरकारी शुल्क तीन हजार बात आणि अर्जाचे शंभर. एवढंच. एजंटाचे साठ हजार आठवून मी पावतीकडे बघतच राहिलो. पुस्तकावरच्या नावात पहिलंच ‘बाय अनुयात’, म्हणजे परवाना. हा ‘अनुयात’ म्हणजे आपला ‘अनुज्ञात’. आमच्या आरटीओच्या फलकांवर ‘अनुज्ञप्ती’ वाचून आम्ही लहानपणापासून हसत आलो, की असलं मराठी बोलतं कोण? बँकॉकचे टॅक्सीवाले बोलतात! आत मुदतीचं साल २५६१. आमचं शके ७८ वर्षं मागे धावतं, तुमचं बुद्धवर्ष ५४३ पुढे. क्षणभर मला वाटलं, हा परवाना पणतूच्या पणतूलाही पुरेल.

त्याच दुपारी तुम्ही ड्रॉवरमधून माझा व्हर्निअर काढून दिलात. जुलैपासून तुमच्याकडेच होता, रुमालात गुंडाळलेला, तेलाचा हात फिरवलेला. बँकॉकच्या दमट हवेत पोलादाला किती लवकर गंज चढतो ते मला चांगलं माहीत आहे.

पुढचं थोडक्यात. मुक्काम वर्षाने वाढवताना भारतीय माणसाचा पगार महिना निदान ३५,००० बात दाखवावा लागतो आणि एका परदेशी माणसामागे चार थाई कर्मचारी. मालकांना कागदावर पगार कमी हवा होता. तिथेही तुमचे दोन शब्द. २०१८ च्या दिवाळीआधी वडिलांना अचानक दवाखान्यात नेलं आणि मी मिळेल त्या विमानाने निघालो. सुवर्णभूमी विमानतळावर होतो तेव्हा तुमचा फोन आला. वडील कसे आहेत हे विचारायच्या आधी तुम्ही विचारलंत, ‘री-एंट्री घेतलीस?’ म्हणजे परत आत येण्याची परवानगी. नव्हती घेतली. ती न घेता बाहेर पडलो असतो तर वर्षभराचा मुक्काम त्या क्षणी रद्द झाला असता आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. विमानतळावरच ती खिडकी असते हेही तुम्हीच सांगितलंत. एक हजार बात, टीएम-८ चा अर्ज. नंतर वडिलांचं विचारलंत, आणि मग बराच वेळ विचारत राहिलात.

आणि ती तपासणी. शेजारच्या गल्लीतल्या एका कारखान्यात माणसं आली आणि एका भारतीय मुलाला घेऊन गेली. माझ्याच एजंटाने पाठवलेला, माझ्यासारखाच पंधरा दिवसांच्या शिक्क्यावर आलेला. त्याच्या मालकाने दुसऱ्या दिवशी कामाला लावला होता, आणि तो मला मेसमध्ये खिजवायचा, की तू दोन महिने घरी माश्या मारल्यास, मी तेवढ्यात कमावून मोकळा झालो. तोवर कायदा थोडा सौम्य झाला होता. विनापरवाना काम करणाऱ्याला पाच ते पन्नास हजार बात दंड, मायदेशी रवानगी आणि पुढे दोन वर्षं परवाना बंद. त्याचं सामान मी भरून दिलं. त्या रात्री निळं पुस्तक मी उशाशी ठेवून झोपलो, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

एक गोष्ट मात्र सलते. आपल्या कारखान्यातल्या म्यानमारच्या माणसांकडे माझ्यासारखं निळं पुस्तक नव्हतं, शेजारच्या देशांतल्या मजुरांना देतात ते गुलाबी कार्ड होतं. त्यांच्या रांगा जास्त लांब असायच्या आणि चुकांना माफी कमी. तुम्ही त्यांचेही कागद रात्री थांबून भरायचात, त्याच निळ्या पेनने. मी शिकलेला म्हणून मला तुमची मदत हक्काची वाटायची. त्यातल्या एकीने तुम्हाला स्वतः विणलेली पिशवी दिली होती, ती तुम्ही रोज वापरायचात. मी तीन वर्षांत काय दिलं? दिवाळीला चिवडा, तोही तुम्हाला तिखट लागला.

म्हणून हे पत्र. इथे सगळ्यांना वाचायला ठेवलंय, पण तुमची प्रत छापून टपालाने पाठवतोय, प्लॅस्टिकच्या पाकिटात, कारण तिकडे आता पाऊस असेल. तीन पानं आहेत. तिन्हींवर निळ्या शाईने सही केली आहे आणि वर तुमच्या लिपीत, तुम्ही गिरवून घेतलंत तसं, लिहिलं आहे : सम्नाव थूक तोंग.

तुमचा,
दोन नंबर मशीनवाला