कोडिंग न शिकता डेटा इंजिनिअर? सभासद क्रमांक १२ ला विचारा

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका क्लासची जाहिरात आली होती, "कोडिंग न शिकता तीन महिन्यांत डेटा इंजिनिअर व्हा", तिचं कात्रण घेऊन माझा भाचा कोल्हापूरहून थेट माझ्या दारात उभा, मावशी तू हेच करतेस ना, भरू का फी? मी बारा वर्षं ईटीएलचंच काम करतेय, म्हणजे एका सिस्टीममधला डेटा उचलायचा, साफ करायचा आणि दुसरीकडे नेऊन ओतायचा, त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितेय.

जाहिरात अगदीच खोटी नाही. या कामाच्या टूलमधे स्क्रीनवर डबे ओढायचे, बाणांनी जोडायचे, रन दाबायचं, डेटा साधा असेल तर काम होतंही. पण अशा बहुतेक टूलमधे एक रिकामा डबा ठेवलेला असतो, इथे तुमचं तुम्ही लिहा म्हणून, आणि आम्हाला पगार खरं तर त्या डब्याचा मिळतो. त्यात कोडिंगची भाषा कुठली ते टूल ठरवतं, आपण नाही. टॅलेंडमधे जावा, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसबरोबर येणाऱ्या एसएसआयएसमधे सी शार्प किंवा व्हीबी डॉट नेट (२००५ ला ते आलं तेव्हा नुसतं व्हीबीच होतं, सी शार्प २००८ च्या व्हर्जनमधे मिळालं), पेंटाहोत जावास्क्रिप्ट आणि जावा, नायफायमधे बऱ्याचदा ग्रूव्ही, आणि डेटास्टेजच्या जुन्या सर्व्हर जॉबमधे तर चक्क बेसिक! एअरफ्लोत ओढायला डबेच नाहीत, सगळं पायथन.

आता माझ्यावरच आलेली पाळी सांगते. एका दूध संघाचं काम होतं, गावोगावच्या संस्थांकडून रोज सीएसव्ही फाईल (स्वल्पविराम देऊन रकाने पाडलेली साधी फाईल) यायची. लिटर आणि फॅट मशीनवरून यायचं म्हणून ते आकडे इंग्रजी, पण सभासद क्रमांक संस्थेतला माणूस हाताने टाईप करायचा आणि काही जण मराठी कीबोर्ड चालू ठेवूनच करायचे, म्हणजे इंग्रजी बाराच्या जागी मराठी १२. हा जॉब टॅलेंडमधे चार वर्षं चालला आणि कुणाला पत्ताही नाही, कारण जावाचं इंटीजर पार्सइंट, म्हणजे टाईप केलेल्या अक्षरांचा पूर्णांक करून देणारी आज्ञा, मराठी आकडे निमूटपणे वाचतं. मग टॅलेंडचं फुकट मिळणारं ओपन स्टुडिओ ३१ जानेवारी २०२४ ला बंद झालं, क्लायंटकडे एसक्यूएल सर्व्हर होताच म्हणून सगळं एसएसआयएसवर न्यायचं ठरलं, मी तोच जॉब सी शार्पमधे लिहिला आणि पहिल्याच रात्री तो आपटला.

एरर काय, तर इनपुट स्ट्रिंग बरोबर फॉरमॅटमधे नाही. अरे पण मी आधी चेक लावला होता, प्रत्येक अक्षर आकडाच आहे ना म्हणून! सी शार्पचं इजडिजिट म्हणतं की १ हा आकडा आहे आणि त्याच सी शार्पचं इंट पार्स म्हणतं हा आकडा मी वाचणार नाही, म्हणजे गेटवरचा वॉचमन आत सोडतो आणि काउंटरवाला फॉर्म परत करतो तसं. रात्री दीड वाजेपर्यंत फाईल डोळ्यांनी बघत बसले होते आणि मला त्यात काही चूक दिसेना, कारण मराठी माणसाला १२ हे बाराच दिसणार ना.

शेवटी युनिकोड नंबर, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक अक्षराला देतो तो क्रमांक, काढून बघितले तेव्हा ट्यूब पेटली. मराठी शून्याचा २४०६, इंग्रजी शून्याचा ४८, म्हणजे मराठी आकड्याच्या नंबरातून २३५८ वजा केले की इंग्रजी आकडा हातात. चार ओळींचं काम, पण त्या चार ओळी ओढून आणायला तयार डबा काही मला सापडला नाही. नंतर हौस म्हणून बाकीच्या भाषांतही करून बघितलं, पायथनचं इंट जावासारखंच मुकाट वाचतं, जावास्क्रिप्टचं पार्सइंट नॅन देतं म्हणजे हा नंबरच नाही. आणि गंमत म्हणजे जावाचंच डबल पार्सडबल, जे दशांश आकडे वाचतं, ते मराठी आकड्यांवर अडतं, त्यामुळे लिटरही कुणी हाताने मराठीत भरले असते तर टॅलेंडमधेही पहिल्याच दिवशी बोंब झाली असती.

तुमच्या करिअरच्या पानावर टूलची नावं छापता तेव्हा त्यात कुठली भाषा लागते हेही एका ओळीत छापा एवढंच म्हणणं आहे. भाच्याला मी सांगितलंय, आधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून डेटा मागायची भाषा, ते सगळीकडेच लागतं, मग जावा किंवा पायथन, दोन्ही नको, एकच पण नीट. टूल काय, कंपनीत गेल्यावर पंधरा दिवसात हाताला बसतं.

त्याने अजून फी भरलेली नाही. क्लासवाल्यांना फोन करून विचारलंन की स्क्रिप्टवाला भाग शिकवता का, तर म्हणाले तो ॲडव्हान्स बॅचला असतो, त्याची फी वेगळी.

आपली,
एक ईटीएल डेव्हलपर, पुणे