गुणपत्रिका बॉक्सरच्या हातात द्या

प्रति,
मा. केंद्रीय क्रीडामंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

मी पुण्यात मुलामुलींना बॉक्सिंग शिकवतो. आमच्याकडची एक मुलगी राष्ट्रीय शिबिरापर्यंत पोचली आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या निवडीत मागे पडली. ती रिंगमध्ये हरली असती तर मी हे पत्र लिहिलंच नसतं. हरणं आम्हाला नवं नाही. तिला 'गुण कमी पडले' एवढंच तोंडी सांगितलं. कशात, किती? उत्तर आलं, 'पुढच्या वेळी बघू.'

आपल्या खात्याला असं पत्र नवं नाही. 2019 मध्ये बॉक्सर निखत झरीनने तेव्हाच्या क्रीडामंत्र्यांकडे मेरी कोमविरुद्ध ट्रायलची, म्हणजे संघनिवडीसाठीच्या लढतीची, मागणी केली होती. डिसेंबरात ती लढत झाली आणि निखत 9-1 अशी हरली. पण निकाल सगळ्यांसमोर लागला, त्यामुळे निवडीवर बोलायला जागा उरली नाही. हीच निखत 2022 मध्ये इस्तंबूलला जगज्जेती झाली.

2023 मध्ये भारतीय बॉक्सिंग महासंघाने ट्रायलऐवजी शिबिरातल्या मूल्यमापनावर जागतिक स्पर्धांचे संघ निवडले. मंजू राणी, शिक्षा नरवाल आणि पूनम पूनिया या बॉक्सर निवडीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. पुरुषांच्या 51 किलो गटात 2019 चा जागतिक रौप्यविजेता अमित पंघाल मागे राहिला, दीपक भोरिया गेला आणि ताश्कंदहून कांस्यपदक घेऊन आला. तेव्हा ती निवड चुकली असं मी म्हणणार नाही. ट्रायलच्या दिवशी भुवई फुटली की वर्षाची मेहनत वाया जाते, हेही मला ठाऊक आहे. मूल्यमापन जरूर करा. पण लढतीत पाच पंचांचे गुण फलकावर लागतात. शिबिरातले गुण कपाटात का राहावेत?

पंघालच्या मागे नाव होतं, पदकं होती. आमच्या मुलीचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. दिल्लीत वकील लावायला ते पैसे कुठून आणणार? राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा, 2025 आला आणि त्यात क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद दिसली, तेव्हा मला बरं वाटलं होतं. पण ऑलिंपिक, आशियाई, राष्ट्रकुल अशा स्पर्धांचे वाद त्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. मग त्या स्पर्धांसाठी संघ निवडताना झालेला वाद आत की बाहेर? बाहेर असेल, तर तो घेऊन बॉक्सरने जायचं कुठे? याचं लेखी उत्तर आपल्या खात्याने द्यावं.

दुसरी मागणी साधी आहे. शिबिरातल्या प्रत्येक बॉक्सरला तिची स्वतःची आणि निवड झालेल्या खेळाडूची गुणपत्रिका मिळावी, तीही संघाची नावं पाठवण्याच्या मुदतीआधी, म्हणजे दाद मागायला वेळ उरेल. विमान सुटल्यावर मिळालेल्या कागदाचं आम्ही काय करायचं?

आपला,
एक बॉक्सिंग प्रशिक्षक, पुणे