ल्युपसचे फोड आणि 'कुष्ठरोगाची गोळी'

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. १० मेला जागतिक ल्युपस दिन असतो म्हणून दरवर्षी पेपरात एखादा लेख येतोच, आणि त्यात तेच ते, गालावर फुलपाखरासारखी लाली, सांधेदुखी, केस गळणं, उन्हात फिरू नका. खोटं काही नाही त्यात, पण हाच ल्युपस कातडीवर किती भयंकर रूपात येऊ शकतो ते कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

माझ्या वहिनीला ल्युपसच्या गोळ्या आधीपासून चालूच होत्या. एकदा मानेवर, छातीवर, ओठांच्या कडेला पाण्याने भरलेले टम्म फोड आले. शेजारच्या काकू म्हणाल्या नागीण आहे, काव लावा, मेडिकलवाल्याने मलम दिलं. अहो, नागीण सहसा एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते, इथे दोन्ही बाजूंना फोड! हा निघाला बुलस ल्युपस. कातडीचा वरचा थर खालच्या थराला धरून ठेवणारं एक कोलॅजन असतं, शरीर त्याच्याच विरुद्ध अँटीबॉडी तयार करतं, मग थर सुटतो आणि मधे पाणी भरतं. फार कमी लोकांना होतो, पण होतो तेव्हा बऱ्याचदा किडनीवरही सूज असते, म्हणून लघवी तपासायलाच पाहिजे.

खरा घोळ बायोप्सीत, म्हणजे कातडीचा तुकडा काढून तपासतात त्यात, होतो. तुकडे दोन लागतात. एक ताज्या फोडाच्या कडेचा, तो नेहमीसारखा फॉर्मलिनमधे, म्हणजे तुकडा टिकवायच्या औषधी पाण्यात. दुसरा फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा, इम्युनोफ्लुरोसन्स टेस्टसाठी (कातडीत अडकलेल्या अँटीबॉडी चमकवून दाखवणारी तपासणी), आणि हा फॉर्मलिनमधे पडला की गेला वाया. त्याला मिशेल मीडियम नावाचं वेगळं द्रावण लागतं, ते नसेल तर साध्या सलाईनमधे ठेवून दिवसाभरात लॅबला पोचवायचा. आमच्याकडे दोन्ही एकाच बाटलीत टाकले, परत सुई, परत टाके.

आणि मग औषध. डॅप्सोन. स्वस्त गोळी, बुलस ल्युपसवर बहुतेकांना लवकर गुण येतो, नवे फोड येणं थांबतं. फक्त त्याआधी जी-सिक्स-पीडीची रक्ततपासणी करावी लागते, ते एन्झाइम कमी असेल तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि गोळी चालू असताना हिमोग्लोबिन बघत राहायचं. पण काउंटरवरचा मुलगा सगळ्यांसमोर बोलला, ही तर कुष्ठरोगाची गोळी! झालं, वहिनीच्या सासूबाईंनी, म्हणजे माझ्याच आईने, स्ट्रिप उचलून कपाटात टाकली. कुष्ठरोगाच्या एमडीटी, म्हणजे अनेक औषधं एकत्र देण्याच्या, उपचारात डॅप्सोन असतं हे खरंच, म्हणून ती घेणाऱ्या प्रत्येकाला कुष्ठरोग असतो असं नाही ना, आणि असला तरी त्यात लाजायचं काय? डॉक्टरांनी चिठ्ठी देतानाच नातेवाइकांना बसवून हे सांगितलं तर निम्मा त्रास वाचेल.

या फोडांहून वाईट एक प्रकार असतो, भाजल्यासारखी कातडीच सोलून निघते. असं बहुतेक वेळा एखाद्या औषधाच्या रिअॅक्शनने होतं, पण ल्युपसमधे तसं औषध न घेताही होऊ शकतं, आणि सुरुवात बऱ्याचदा ऊन लागणाऱ्या भागापासून होते. तिथे मलम नाही, थेट आयसीयू किंवा बर्न वॉर्ड असलेलं मोठं हॉस्पिटल. ल्युपसच्या पेशंटला फोड आले, तोंडात जखमा झाल्या किंवा कातडी निसटायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, आणि चालू असलेली ल्युपसची औषधं, म्हणजे हायड्रॉक्सीक्लोरोक्विन किंवा स्टिरॉइड, मनाने बंद करू नका.

जाता जाता आपल्याला एक विनंती. या लेखांबरोबरचे फोटो सगळे गोऱ्यापान चेहऱ्यांचे असतात. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली लाल दिसतच नाही, जांभळट किंवा काळपट दिसते, लोक वांग समजून क्रीम चोळत बसतात. पुढच्या मे महिन्यात एखाद्या स्किनच्या डॉक्टरांना लिहायला सांगा आणि फोटो आपल्यासारख्या माणसांचे छापा.

आपली,
एक वाचक, सातारा