नोंद फिरस्त्यांची नको, अफवेची करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोरे पळवणारी टोळी आल्याची कुजबुज सुरू झाली की ‘गावात येणाऱ्या फिरस्त्यांची पोलिसांत नोंद सक्तीची करा’ ही मागणी पाठोपाठ येतेच. हेतू चांगला असेलही, पण हे आधी करून झाले आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांच्यामागे पोलिसांची हजेरी लावली. कायदा १९५२ मध्ये गेला, संशय मात्र राहिला. तो इतर भटक्यांच्याही वाट्याला आला.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडी बाजारात भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले होते, तिथेच ते मेले. त्या वर्षी पोरे पळवण्याचा एक व्हिडिओ देशभर फिरत होता. तो मुळात कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेच्या जाहिरातीचा होता. मोटारसायकलवरचे दोघे पोराला परत आणून सोडतात आणि पालकांसाठीचा फलक दाखवतात, तेवढा शेवट कुणीतरी कापला होता.

‘जमाव अचानक भडकला’ असे बातमीत छापले जाते. जमाव अचानक भडकत नाही. आधी आठ-दहा दिवस मेसेज फिरतो. त्यात तारीख नसते, गावाचे नाव नसते, कोणत्या ठाण्यात तक्रार झाली तेही नसते. मग अनोळखी वेशातला कुणीतरी एखाद्या लेकराशी बोलतो आणि दोघे-तिघे त्याला हटकतात. तो घाबरून अडखळतो, तर ‘बघा, बोलता येईना’. आधार कार्ड काढतो, तर त्यावर लांबच्या तालुक्याचा पत्ता, म्हणजे ‘इकडे कशाला आला?’ सुटकेसाठी दाखवलेला कागदच त्याच्यावर उलटतो. नोंदीच्या पावतीचेही हेच होईल. पहिली थप्पड बसेपर्यंत दहा-बारा माणसे असतात आणि तोवर कुणीही जाणता माणूस ते थांबवू शकतो. त्यानंतर येणारा प्रत्येक जण ‘एवढे लोक मारतायत म्हणजे काहीतरी असणारच’ असे धरून चालतो. खात्री कुणीच केलेली नसते. प्रत्येकाला वाटते आधीच्याने केली असेल. ज्यांना हे पटत नाही ते ‘तू त्यांचा का?’ या प्रश्नाच्या धाकाने मागे सरकतात.

म्हणून त्या सुरुवातीच्या मिनिटांत एकच प्रश्न मोठ्याने विचारावा: ‘कुणाचं पोर हरवलंय? नाव सांगा.’ बहुतेक वेळा नाव निघत नाही, आणि ते निघत नाही हे सगळ्यांनाच ऐकू जाते. एकाने ११२ला फोन लावून गाव, फाटा आणि जवळची खूण सांगावी. दुसऱ्याने संशयितांना गाडीत घालून बाजाराच्या उलट्या रस्त्याने शिवेबाहेर काढावे. ग्रामपंचायत, शाळा किंवा चावडीच्या खोलीत कोंडून ठेवणे सुरक्षित वाटते, पण तिथे दार एकच असते आणि जमावाला गोळा व्हायला ठिकाण मिळते. गाडी नसेलच तर गावाच्या कडेचे घर बरे. देवळाच्या किंवा मशिदीच्या भोंग्यावरून ‘कुणाचेही मूल हरवलेले नाही’ एवढेच पुकारावे. ‘शांतता राखा’ म्हटले की ज्यांना काही माहीत नव्हते तेही बघायला येतात.

नोंद करायचीच तर मेसेजची करावी. पोलीस पाटलाने तो कुठल्या ग्रुपवर, किती वाजता आला, हे टिपून स्क्रीनशॉट त्याच दिवशी ठाण्यात द्यावा आणि ठाण्याने चोवीस तासांत खरे-खोटे गावाला कळवावे. अफवा पसरवणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३खाली कारवाई करता येते. ती माणूस मेल्यावर नव्हे, मेसेज फिरत असतानाच व्हायला हवी.

जमावहत्येसाठी कलम १०३(२) आहे: पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समाज, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून खून केला तर मृत्युदंड किंवा जन्मठेप. माणूस वाचला पण गंभीर जखमी झाला तर ११७(४), सात वर्षांपर्यंत कैद. मेख ‘कारणावरून’ या शब्दात आहे. फिर्यादीत नुसते ‘पोरे पळवण्याच्या संशयावरून’ लिहिले की बचाव पक्षाला वाट सापडते. मारणाऱ्यांनी जात, वेश, बोली यांवरून काय शिव्या दिल्या ते पहिल्याच जबाबात शब्दशः यायला हवे. नातेवाईक पालावर राहणारे, ते पुढे फिरतात आणि पुरवणी जबाब राहून जातो.

सर्वोच्च न्यायालयाने जमावहत्यांबाबतच्या १७ जुलै २०१८च्या तहसीन पूनावाला निकालात प्रत्येक जिल्ह्यात असे प्रकार रोखण्यासाठी किमान पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल (जबाबदार) अधिकारी नेमायला सांगितले आहे. त्याचे नाव आणि मोबाइल नंबर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर, पोलीस पाटलाच्या नंबराशेजारी रंगवावा, आणि बाजाराच्या गावांपासून सुरुवात करावी, एवढी आमची मागणी आहे.

आपले,
भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांवर काम करणारे काही कार्यकर्ते