खुनाच्या जेवणाला जाण्याआधी

प्रिय अव्या,

पत्र मिळालं. शनिवारी बर्मिंगहॅममध्ये 'मर्डर मिस्टरी'चं जेवण, म्हणजे जेवता जेवता फेरी-फेरीने खेळायचा खुनाचा खेळ, प्रत्येकाला एक पात्र. १९३० च्या सुमाराची इंग्लिश हवेली, आठ पाहुणे आणि तू निवृत्त कर्नल. खुनी कसा ओळखायचा म्हणून विचारतोस, तेही चांगल्या गावात बसून. खुनी शोधायच्या 'क्लूडो' या पटावरच्या खेळाचा जनक अँथनी प्रॅट तिथलाच. हॉटेलांत पियानो वाजवताना पाहुण्यांचे असे खुनाचे खेळ त्याने पाहिले होते. १९४९ साली क्लूडो बाजारात आला. सहा संशयित, सहा हत्यारं, नऊ खोल्या, म्हणजे ३२४ शक्यता. खेळणारा त्यातली एकेक खोडत जातो. तुलाही तेच करायचंय. पहिल्या फेरीतच एकाच्या मागे हात धुऊन लागलास की पुढचं काही दिसत नाही.

बसण्याआधी यजमानाला नियम विचारून घे. हे खेळ पुस्तिका-पुराव्यांच्या तयार संचातून खेळतात, आणि बहुतेक संचांत खोटं बोलायची मुभा एकट्या खुन्याला असते. बाकीच्यांनी विचारलं तर खरं सांगायचं, न विचारलेलं पोटात ठेवलं तरी चालतं. काही संचांत मात्र खुन्यालाही शेवटच्या फेरीपर्यंत पत्ता नसतो. तिथे चेहरे वाचत बसण्यात वेळ जातो. तसाही जो अडखळतो तो खुनीच असतो असं नाही, त्याला नाटक जमत नसतं एवढंच.

तुझ्या पात्राच्या पुस्तिकेत 'सांगा' आणि 'लपवा' असे दोन भाग असतील. दोन्ही नीट वाच, वेळा आणि खोल्या अधोरेखित कर. संच लिहिणारा वेळ सहसा उगाच लिहीत नाही.

आता खरं काम. वहीचं पान आडवं धरून तक्ता आख. वर आठ नावं, डाव्या बाजूला पंधरा-पंधरा मिनिटांच्या वेळा. जो स्वतःच म्हणतो 'मी बागेत होतो', त्याच्या चौकटीत पोकळ गोल. तिसऱ्याने त्याला तिथे डोळ्यांनी पाहिलं असेल, तरच गोल भरायचा. नवरा-बायको एकमेकांची ग्वाही देत असतील तर दोन्ही गोल पोकळच ठेव. दुसरी फेरी संपेपर्यंत कुणाचे गोल पोकळ राहिलेत ते आपोआप समोर येतं.

ऐकलेलं आणि पाहिलेलं यांची गल्लत करू नकोस. समज, ९.१० ला मालक सगळ्यांसमोर ग्रंथालयात गेले आणि ९.४५ ला प्रेत सापडलं. स्वयंपाकीण म्हणते, '९.२५ ला मी कॉफी घेऊन गेले, मालक आत खोकत होते.' सगळे लगेच धरून चालतात की खून ९.२५ नंतर झाला, आणि त्याआधी आत जाऊ शकणारे तीन जण फुकटात सुटतात. पण तिने दार उघडलं होतं का? नसेल, तर खोकला कुणाचाही असू शकतो, अगदी खुन्याचाही. म्हणून मालक जिवंत दिसल्याची शेवटची वेळ ९.१० हीच धर.

हेतूवरून कुणाला खोडायला जाऊ नकोस. असे संच रचतानाच मृत्युपत्र, कर्ज, जुनं लफडं असं काहीतरी प्रत्येकाच्या गळ्यात बांधलेलं असतं. माणसं गळतात ती वेळेवरून आणि साधनावरून: विष कुणाच्या हाताशी होतं, किल्ली कुणाकडे होती.

चकवे हमखास असतात. बागेत सापडलेला रेशमी रुमाल, अर्धवट जळालेली चिठ्ठी. यांचाही मालक असतो, फक्त त्याचं गुपित निराळं असतं: चोरून भेटणं, छोटीशी चोरी. ही किरकोळ बिंगं आधी फोड. रुमाल कुणाचा आणि का, हे कळलं की तो पुराव्यातून बाद.

प्रश्न नेमका हवा. 'तू खून केलास का?' याला सगळे 'नाही'च म्हणणार. 'साडेनऊला जिन्यात कोण दिसलं?' असं विचारलंस तर निर्दोष माणसाला सांगावंच लागतं. कुणी 'नंतर सांगतो' म्हणालं तर ते पुढच्या फेरीत येणार असतं, नोंद करून ठेव. कान उघडे ठेव ते जीभ घसरते तेव्हा. विष शेरी या वाइनमध्ये होतं हे अजून जाहीर झालेलं नसताना कुणी ग्लासाबद्दल बोललं, तर त्याला तिथेच विचार, 'तुला कसं कळलं?'

एक लबाडी सांगतो, पण ती शेवटी वापर, नाहीतर खेळाची मजा जाते. संचात काही पात्रं 'पाहुणे जास्त असतील तरच' अशी असतात. ती सहसा खुनी नसतात, कारण ती नसली तरी खेळ उभा राहायला हवा.

तूच खुनी निघालास तर एकच खोटं बोल, बाकी सगळं खरं. नसलेला साक्षीदार उभा करू नकोस, दुसऱ्याच्या पुस्तिकेत त्याची वेळ निराळी निघाली की संपलं.

शेवटच्या चिठ्ठीवर नाव, साधन, वेळ आणि हेतू लिहायचा. त्याआधी टेबलावरचा प्रत्येक पुरावा तुझ्या गोष्टीत बसतो का ते बघ. एखादा उरला तर तो कुणाच्या गुपिताचा हे सांगता आलं पाहिजे. वाइन मुख्य जेवणापर्यंत जपून घे. तिसऱ्या फेरीतच सगळ्यात जास्त कागद हातात येतात.

आणि कर्नलची मिशी सूप झाल्यावर चिकटव. वाफेने सुटते.

तुझा,
सुध्या