करिंथचे आखात कालव्यापुरते नाही

माननीय संपादक,

करिंथ कालव्यावरील आपला लेख वाचला; मात्र १८९३ मध्ये खुला झालेला हा कालवा ज्या आखातात उघडतो, त्याविषयी त्यात अवाक्षरही नव्हते. ग्रीसची मुख्यभूमी आणि दक्षिणेचे पेलोपोनीज द्वीपकल्प यांच्यामधील हे आखात म्हणजे भूकवच ताणले जाऊन खचलेली दरी असून, पश्चिमेकडे तिचे काठ आजही दरवर्षी एक ते दीड सेंटीमीटर दूर सरकतात. इसवी सनपूर्व ३७३ च्या भूकंपात दक्षिण काठावरील हेलिके नगर गडप झाले. म्हणूनच आखाताच्या पश्चिम मुखावर २००४ मध्ये खुल्या झालेल्या रिओ-अँटिरिओ पुलाचे खांब तळात न रोवता खडीच्या थरावर नुसते टेकवले आहेत, जेणेकरून धक्का बसल्यास ते घसरू शकतील. ख्रिस्ती आरमार आणि ऑटोमन तुर्क यांच्यातील लेपांटोची १५७१ मधील प्रसिद्ध लढाई मात्र (नाव आतल्या बंदराचे असले तरी) आखाताबाहेर, पात्रास शहराच्या बाजूला झाली.

– एक वाचक, नाशिक