सप्लाय का पडला ते चिपला माहितीये, मग आम्हाला का सांगत नाही?

संपादक साहेब,

वस्तू दुरुस्त करायच्या की फेकून द्यायच्या यावर तुमच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. चांगला होता, पण आम्हा रिपेअरिंगवाल्यांना रोज नडणारी एक गोष्ट त्यात आलीच नाही म्हणून लिहितोय.

आजकाल कुठलाही जरा बरा सर्व्हर नाहीतर मोठा नेटवर्क स्विच उघडा, आत पॉवर सप्लायवर नजर ठेवायला एक वेगळी आयसी, म्हणजे चिप, बसवलेली असते. आणि ती नुसती नजर ठेवत नाही, चालू-बंद करायचं कामही तिच्याकडेच असतं. बोर्डावर १२ व्होल्ट येतात, त्याचे पुढे कन्व्हर्टरमधून ३.३, १.८, प्रोसेसरच्या कोअरसाठी १ किंवा त्याहूनही कमी असे वेगवेगळे सप्लाय बनतात आणि हे सगळे एकदम चालू करून चालत नाही. आयसी पहिल्या कन्व्हर्टरची एनेबल पिन, म्हणजे चालू करायची पिन, वर करते, त्याचं व्होल्टेज मर्यादेत आलं की मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची, आणि सगळं नीट बसल्यावर रिसेट, म्हणजे प्रोसेसरला थांबवून धरणारा सिग्नल, सोडते, तेव्हा कुठे प्रोसेसर जागा होतो. हा क्रम चुकला तर चिपच्या आतल्या डायोडमधून भलतीकडेच करंट वाहतो, लॅच-अप होतं, म्हणजे चिप आतून शॉर्ट होऊन अडकते, आणि काही वेळा महागडा प्रोसेसर जागच्या जागी जातो.

आता मूळ मुद्दा. एखादं मशीन दिवसातून कधीतरी आपोआप रिस्टार्ट होतं, बाकी वेळ व्यवस्थित चालतं, असा जॉब आला की आम्ही मल्टीमीटर लावतो. ५ व्होल्टच्या लाइनवर ५.०२ दिसतं, अर्धा तास बघा, ५.०२च. मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, तोही सरासरी काढून, पण कॅपॅसिटर वाळलेला असेल तर लोड वाढताच ती लाइन एखाद्या मिलिसेकंदासाठी ४.५ पर्यंत खाली येऊन परत वर जाते आणि मीटरला त्याचा पत्ताही लागत नाही. त्या आयसीतला, व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेशी ताडून बघणारा कम्पॅरेटर मात्र हे मायक्रोसेकंदांत पकडतो, म्हणून तर रिसेट बसतो! आणि चांगल्या प्रतीच्या आयसी तेवढ्यावर थांबत नाहीत, कुठली लाइन पडली, त्या क्षणी व्होल्टेज, करंट, तापमान किती होतं हे वीज जाता जाता कॅपॅसिटरमध्ये उरलेल्या चार्जवर आपल्या मेमरीत लिहून ठेवतात. म्हणजे दुखणं काय आहे ते आत लिहिलेलं आहे, आणि आम्ही बाहेरून चाचपडतोय.

हे वाचायला काही जगावेगळं लागत नाही. फिलिप्सने १९८२ साली आणलेल्या आयस्क्वेअरसी या, चिपांनी दोन तारांवर एकमेकींशी बोलायच्या पद्धतीवर पुढे एसएमबस आलं आणि त्यावर २००५ मध्ये पॉवर सप्लायसाठी पीएमबस. दोन तारा आणि ग्राउंड जोडा, हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत, ७९ ही कमांड पाठवा, दोन बाइट स्टेटस मिळतं, त्यात व्होल्टेजचा फॉल्ट, करंटचा फॉल्ट, इनपुटचा, तापमानाचा असे वेगवेगळे बिट असतात. ८बी ही कमांड पाठवली की आउटपुट व्होल्टेज मिळतं. एवढं सगळ्यांचं सारखं. पण तो सविस्तर फॉल्ट लॉग प्रत्येक कंपनीच्या स्वतःच्या कमांडमध्ये असतो, आणि मशीन बनवणारे त्याचा कागद देत नाहीत, कनेक्टर काढून टाकतात, कधी पासवर्ड टाकतात. मग ग्राहकाला 'पूर्ण बोर्ड बदला' सांगितलं जातं. एका कॅपॅसिटरसाठी अख्खा बोर्ड, काय बोलायचं!

सिक्युरिटीचं कारण पुढे करतात, ते मी उडवून लावत नाही. याच मार्गाने व्होल्टेज बदलताही येतं, कोअरचं व्होल्टेज वाढवून ठेवलं तर प्रोसेसर जळेल, आणि कमी करून काय होतं ते २०१९ च्या प्लंडरवोल्ट प्रकरणात दिसलंच. तिथे सॉफ्टवेअरमधूनच व्होल्टेज उतरवून इंटेलच्या प्रोसेसरकडून चुकीची गणितं करून घेतली आणि एन्क्रिप्शनच्या आतल्या गुप्त किल्ल्या बाहेर काढून दाखवल्या, इंटेलला अपडेट काढावं लागलं. म्हणून बदलायला कुलूप हवंच. त्यासाठी पीएमबसमध्ये राइट प्रोटेक्टची, म्हणजे बदल रोखायची, कमांड पहिल्यापासून आहे की! ती वापरा. पण वाचायला कुलूप कशाला? लॉग वाचून कोणाचा प्रोसेसर जळणार आहे?

सगळ्याच वस्तूंत एवढी हुशार आयसी टाका असंही माझं म्हणणं नाही. स्वस्तातल्या वस्तूला तीन पायांची साधी सुपरव्हायझर पुरते, व्होल्टेज पडलं की रिसेट ओढायचा, लाइन सावरल्यावरही शे-दोनशे मिलिसेकंद धरून ठेवायचा, संपलं तिचं काम. मी बोलतोय ते जिथे आयसी हुशार आहे, लॉग लिहिलेला आहे आणि तरी दडवलेला आहे त्याबद्दल.

तुम्ही नवीन मशीनांची परीक्षणं छापता, त्यात स्पीड, डिझाइन, स्क्रीन सगळं येतं. त्यात कंपनीला एवढं एक विचारत जा: सप्लायचा फॉल्ट लॉग बाहेरच्या दुरुस्तीवाल्याला वाचता येतो का, आणि येत असेल तर कमांडचा कागद कुठे मिळतो. उत्तर दिलं नाही तर तेही छापा.

आपला,
एक रिपेअरिंगवाला वाचक